फुलोऱ्यातल्या चिंध्या

माझे पुढचे दात आता माझे नाहीत, धाराशिवला जाऊन बसवून घेतलेले आहेत. त्यांनी भाकरी तुटते, फोटोत हसू बरं दिसतं, पण जवारीचा दाणा चावून बघता येत नाही. काढणीच्या दिवसांत मुलगा मला मोटारसायकलवर बसवून रानात नेतो, एक कणीस हातात देतो आणि विचारतो, "सांग आई, झाली का तयार?" मी दोन दाणे चोळून त्याच्याच हातावर ठेवते आणि म्हणते, चाव. तो चावतो आणि मी डोळे मिटून आवाज ऐकते. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटतं म्हातारी काही देवाधर्माचं करते आहे. आता लोकांना काय वाटावं ते आपल्या हातात थोडंच असतं!

हे चावणं मायचं. आमचं गाव कळंबच्या रस्त्याला लागून, काळ्या रानाचं, आणि गावात जवारी सगळ्यांचीच. पण बियाणं निवडायची रीत घरोघरी वेगळी. बहुतेक बाया खळ्यावर मळणी झाली की ढिगातला टपोरा दाणा सुपात घेत आणि तोच पुढच्या पेरणीला ठेवत. मायला ते पटायचं नाही. "ढिगात समदे सारकेच दिसत्यात. कुनाची आई उंच आन कुनाची लोळलेली, कसं कळावं? बी उभ्या रानात बगावं," असं म्हणायची. जवारी पिवळी पडली, की काढणीच्या बायांच्या आधी ती एकटी रानात शिरायची. कमरेला जुन्या लुगड्याच्या चिंध्या खोचलेल्या असायच्या. मी पाण्याची कळशी घेऊन मागं. धाटाला ती आधी खांद्यानं ढकलून बघायची, मग कणीस तळहातात धरून दाबायची, मग दोन दाणे चोळून, फुंकर मारून दाढेखाली धरायची. कट् असा आवाज आला आणि आतलं पीठ पांढरंशुभ्र निघालं, तर कणसाखाली चिंधी. ती चिंधी म्हणजे काढणीच्या बायांना हुकूम, की हे धाट बाकीच्यांबरोबर उपटायचं नाही. चिंध्यांची कणसं वेगळी कापायची, काठीनं बडवायची, दाणे राखेत घोळवून मडक्यात भरायचे आणि मडक्याचं तोंड शेणमातीनं लिंपून टाकायचं.

तिचे नियम होते. बांधाच्या कडेचं कणीस घ्यायचं नाही. जिथं मेंढरं बसवली असतील तिथलं तर मुळीच नाही. "हितं कुनीबी बाळसं धरतंय. दाटीत उभं ऱ्हाऊन ज्येनं दाना भरला त्येचं बी घ्यावं." आणि एकच एक मोठं कणीस बघून भुलायचं नाही, टोपलंभर कणसं घ्यायची. माझा थोरला भाऊ भैरू शेतकी कॉलेजात गेला आणि पहिल्याच सुट्टीत जेवताना सांगू लागला, की अशी पुष्कळ चांगली कणसं निवडून त्यांचं बी एकत्र करायचं, याला समूह निवड म्हणतात. माय तव्यावरची भाकरी उलटत होती. "मंजी मी करते तेच की." "व्हय, तेच." "मग येवढ्या लांब कशाला गेलास?" असं म्हणून इतकी हसली की भाकरी करपली. त्यानंतर भैरू सुट्टीला आला की ती मुद्दाम त्याला विचारायची, काय रं, आमची समूह निवड कुठवर शिकवली तुझ्या मास्तरांनी?

आणखी एक काम ती करायची, पण ते काम आहे हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. कणसं बाहेर पडू लागली की रोज रानातून येताना ती चार-सहा धाटं विळ्यानं कापून आणायची आणि म्हशीपुढं टाकायची. आमच्या जवारीत मध्येच एखादं धाट डोकं वर काढून उभं राहायचं, कणीस लांबट आणि मोकळं. त्यांना ती 'उपरी' म्हणायची. शेजारच्या वावरात दुकानातली हायब्रीड जवारी असायची, तिचा फुलोरा वाऱ्यानं आमच्याकडं यायचा आणि आमच्या एखाद्या कणसात तिकडचं रक्त शिरायचं. पुढच्या साली तेच असं टंच होऊन उगवायचं. फुलोरा झडायच्या आत ती कापायची, म्हणजे पुढं पसरायला नकोत. आम्ही त्याला म्हशीची वैरण समजत होतो. मायनंही कधी वेगळं काही सांगितलं नाही, म्हशीला मात्र आम्ही सांगायचो, की आली बघ तुझी उपरी.

घर आवाजाचं होतं. पहाटे भाकरी थापल्याचा आवाज, त्यात माय मध्येच दोन बोटांनी परातीच्या कडेला टिचकी मारायची. का मारायची देव जाणे. अण्णा, म्हणजे आमचे वडील, बैलांशी बोलायचे ते माणसांशी बोलायचे त्याहून मोठ्यानं. दुपारी येसराची आमटी, शेंगाची चटणी, कांदा, आणि ती पांढरी गोडसर भाकरी, जी सकाळी केली तर संध्याकाळपर्यंत मऊ राहायची. पाहुणे बाकी कशाला नावं ठेवोत, भाकरीला ठेवत नसत. "बी कुठलं वो तुमचं?" असं विचारत आणि अण्णा हनुवटीनंच स्वयंपाकघराकडं दाखवत.

भैरू कॉलेजात होता त्यातल्या एका सालच्या येळवशीला मायला दम लागत होता. येळवस म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्षातली अमावस्या, त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि आंबिलीचं मडकं घोंगडीत गुंडाळून डोक्यावर. मडकं दरसाल माय घ्यायची, त्या साली मला दिलं. वाटेत ती दोनदा बांधावर टेकली. पावलांवर सूज होती, जोडवी रुतली होती. जेवणं झाली, पुरुष माणसं कोपीच्या सावलीला आडवी झाली, आणि माय उठून जवारीत शिरली. जवारी तेव्हा फुलोऱ्यात होती. मी भांडी घासत होते. ती कमरेच्या हिरव्या चिंध्या काढून इकडं एक, तिकडं एक बांधत चालली होती. "काय करायलीस माय?" मी ओरडून विचारलं. "काय न्हाय गं, खुना करायले," तिनं सांगितलं आणि ती आणखी आत गेली.

संक्रांतीच्या आधी, दारात उन्हाला तीळ निवडत बसली होती ती बसल्या जागी कलंडली. जीप करून धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. दिवस मावळायच्या आत तीच जीप तिला घेऊन परत आली. एवढंच. मला त्या दिवसाचं जे आठवतं ते असं, की जीप गेल्यावर अंगणात तीळ सांडले होते आणि मी ते गोळा केले. एक एक दाणा मातीतून वेचला, पाखडला, डब्यात भरला, डब्याला झाकण लावलं. जीप परत आली तेव्हा मी झाकण लावत होते. मला काही वाटलं नाही. पुष्कळ वर्षं मी लोकांना सांगत आले, की मी फार रडले. लोकांना तेच ऐकायचं असतं. आता लिहायलाच बसले आहे तर खरं लिहिते, मला काही वाटलं नाही.

गोदाआत्या, अण्णांची थोरली बहीण, कळंबला दिलेली, दिवसकार्याला आली आणि आमच्याकडं बघून राहिलीच. मोठ्या आवाजाची, मोठ्या मायेची बाई. दारात पाय टाकतानाच तिनं जो हंबरडा फोडला, त्यानं गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. बाया मला बघून म्हणायच्या, "पोरगी दगड झाली, हिला रडवा गं." एकीनं मायची कुंकवाची डबी आणून माझ्या हातात दिली. मी ती परत फळीवर जागच्या जागी ठेवली. अण्णा ओसरीवर खांबाला टेकून बसत आणि उन्हाबरोबर खांब बदलत. भैरूनं सुट्टी वाढवली नाही, कॉलेजला निघून गेला. मला त्याचा राग आला असता, पण रागही येत नव्हता. तेराव्यानंतर आत्यानं मायची लुगडी रीतीप्रमाणं वाटून टाकली. एक जांभळं इरकल तेवढं तिनं ट्रंकेत तळाला घातलं. "हे सुमीच्या लग्नाला," म्हणाली. सुमी म्हणजे मी.

जवारी काढणीला आली तेव्हा आमच्या घरचं कुणी महिनाभर रानात गेलेलं नव्हतं. आत्या पदर खोचून बायांना घेऊन गेली, मी मागून कळशी घेऊन. बाया दोन-चार ओळी पुढं सरकल्या नाहीत तोच आत्याची आरोळी ऐकू आली, "आगं बया बया! बियानं बांधून ठिवून गेली गं माजी भावजय!" दवानं विटलेल्या हिरव्या चिंध्या जागोजागी लटकत होत्या, आणि कणसं अशी की बघत राहावं. लांब, भरघोस, डोक्याच्या वर. बाया कामं टाकून सरीतच बसल्या आणि रडल्या. जाताजाता लेकरांसाठी बी निवडून गेली, हे ज्या त्या तोंडी झालं. गावात चिंधीचा अर्थ सगळ्यांनाच ठाऊक होता, त्यामुळं कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. भैरू दोन दिवसांसाठी आला होता. त्यानं एक कणीस हातात घेतलं, फिरवून बघितलं, दाबलं आणि परत ठेवलं. आमचं कणीस म्हणजे वळलेली मूठ, आणि हे तर बोटं पसरलेला हात. ते त्याला तेव्हाच खटकलं होतं, असं तो पुढं म्हणाला. पण गेलेल्या माणसाच्या निवडीवर बोट कोण ठेवणार?

ती कणसं देवापुढं मांडली. हळद-कुंकू वाहिलं. आळीतल्या बाया येऊन, डोक्यावर पदर घेऊन, त्यातलं ओंजळ-ओंजळ बी घेऊन गेल्या आणि आपापल्या बियाण्यात मिसळलं. आत्या प्रत्येकीला सांगायची, "लक्ष्मी हाय बाई ही, जपून पेरा." बाकीची जवारी, चिंधी नसलेली, खायला म्हणून कणगीत गेली. कणगीत कडुनिंबाचा पाला घालायचा असतो, मधून मधून ऊन द्यायचं असतं. ते त्या साली कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

वर्ष गेलं. कसं गेलं हे मला सांगता येत नाही, कारण मी त्यात नव्हते. पहाटे भाकरी थापल्याचा आवाज यायचा, पण आत्याचा हात जड, ताल वेगळा, आणि टिचकी नाही. आत्या ताटात वाढायची ते मी खायची. नाही वाढलं तर मागायची नाही. एकदा तिनं आमटीत मीठच घातलं नव्हतं. मी आणि अण्णा जेवून उठलो, आणि आत्या स्वतः जेवायला बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं. "आरं, तुमी मानसं हायसा का भुतं?" ती ओरडली आणि मग ताटावरच रडू लागली. अण्णा हात धुऊन खांबाला जाऊन टेकले. पेरणीला तिफणीमागं चाडं धरायचं काम मायचं असायचं, ते मी धरलं. मुठीतून दाणे नळ्यांत सुटत होते. "नाव घे तिचं," आत्या बांधावरून म्हणाली. मी नाव घेतलं. अण्णा बैलांशी बोलत नव्हते, नुसती दोरी हलवत होते. पेरणी झाल्यावर ते पुन्हा रानात फिरकले नाहीत.

जवारी उगवली, वाढली, पोटरीत आली, आणि मग तिचं सोंग दिसू लागलं. कुठं कमरेएवढी, कुठं हात उंच केला तरी कणसाला लागू नये अशी. एका धाटाचं कणीस बाहेर पडलेलं आणि शेजारचं अजून पोंग्यात. वाटसरूसुद्धा थांबून बघायचा. आत्या म्हणायची, "पावसाचं आसंल." आळीतल्या ज्या बायांनी ओंजळभर बी नेलं होतं, त्यांच्याही रानात मध्येच कुठं कुठं असंच. त्यासुद्धा म्हणायच्या पावसाचं असेल. लक्ष्मीला नाव कोण ठेवणार?

येळवस पुन्हा आली. भैरूही सुट्टीला आला होता. जायचं नाही असं माझ्या मनात होतं, पण आत्या ऐकणारी नव्हती. "ती गेली म्हनून रान उपाशी ठिवायचं व्हय?" कणगीच्या तळाशी जी जवारी उरली होती ती किडा लागून नुसती फोलपटं झाली होती. आत्यानं ती पाखडून पाखडून, शाबूत दाणा वेचून, आंबिलीपुरतं पीठ केलं. भाकऱ्या बाजारातल्या जवारीच्या. मडकं माझ्या डोक्यावर. कोपीत पूजा झाली. मग रानाच्या चारी बाजूंनी आंबील शिंपडत फिरायचं असतं, कानडी आरोळ्या देत, आणि ते घरच्या कर्त्या पुरुषानं. अण्णा तांब्या घेऊन निघाले. आरोळी काही ऐकू आली नाही. पुष्कळ वेळानं परत आले, तांब्या तसाच भरलेला होता. वर्षभरात हो-नाही याच्या पलीकडं न बोललेला तो माणूस उभ्या उभ्या म्हणाला, "हे आपलं रान न्हाय."

"आरं मग कुनाचं?" आत्या म्हणाली.

"जवारी आपली न्हाय. उपरी हाय समदी."

भैरू उठून रानात शिरला आणि चार-पाच कणसं मोडून घेऊन आला. एकासारखं एक नाही. ती त्यानं पोत्यावर ओळीनं मांडली, बराच वेळ बघत बसला, आणि मग मला विचारलं, "सुमे, मायनं चिंध्या बांदल्या तवा तू व्हतीस?"

"व्हय. येळवशीलाच. हितंच भांडे घासायले होते."

"जवारी फुलोऱ्यात आसंल."

"व्हय."

"दाना चावून बगत व्हती का?"

"चावायला दाना कुटं व्हता? दूदबी भरलं नव्हतं."

हे बोलता बोलताच मला कळलं, आणि मला वाटतं अण्णांना माझ्या आधी. भैरू खाली बघून म्हणाला, "फुलोऱ्यात कुनी बियानं निवडत न्हाय आत्या. फुलोऱ्यात उपरी कापत्यात."

"दरसाल कापून म्हशीला आनायची," अण्णा म्हणाले. "त्या साली वाकनं हुईना तिला. खुना करून ठिवल्या आसतील. कापून घ्या म्हनून सांगनार आसंल." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "सांगायचं ऱ्हायलं."

आत्याच्या हातात आंबिलीचा पेला होता तो तिनं हळूच जमिनीवर ठेवला. "मंजी जे टाकून द्यायचं व्हतं, ते म्या देवापुढं मांडलं? गावाला वाटलं? आरं पन मग चांगलं कुटं गेलं?"

भैरूनं आंबिलीच्या मडक्याकडं बघितलं. "चांगलं वर्षभर खाल्लं आपुन. उरलंसुरलं ह्यात हाय."

आम्ही सगळे मडक्याकडं बघत बसलो. वर ताक तरंगत होतं. येळवशीची आंबील परत घरी न्यायची नसते आणि सांडायची तर नसतेच. अण्णांनी मडकं उचललं, सगळ्यांच्या पेल्यांत सारखी वाटली, आणि आम्ही ती प्यालो. आंबट होती. तेव्हाही मला दुसरं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या घरोघर गेली. जिनं लक्ष्मी म्हणून वाटलं, तिनंच प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं, की बाई, ते टाकायचं बी होतं, माझी चूक झाली, पुढल्या साली ठेवू नका. अशी मानी बाई, सासरी कुणापुढं कधी वाकली नाही, ती आळीभर हात जोडून आली. बहुतेकींनी मान डोलावली. समोरच्या घरची म्हातारी मात्र म्हणाली, "आसू द्या. तिच्या हातची खून हाय त्येला. मी न्हाय टाकायची." तिच्या घरी अजून त्या टंच जवारीचं बी आहे म्हणे. असेल. मी कधी विचारायला गेले नाही.

भैरूनं त्या आठवड्यात मला रानात नेऊन समजावलं. पहिल्या पिढीत संकर मोठा जोरदार दिसतो, म्हणून मायनं खुणावलेली कणसं तशी भरघोस होती. पेरला की पुढच्या पिढीत फुटतो. मग एकाच कणसाच्या पोटी कुणी बापाच्या वळणावर जातं, कुणी आईच्या, कुणी कुणाच्याच नाही. "ह्या रानात मायची जवारी हाय," तो म्हणाला, "पन इखुरलेली. वळखनारं मानूस पायजे. मी वळखू शकत न्हाय, मला पुस्तकातली येती. अण्णांनी जवारी पेरली आन काढली, निवडली कवा न्हाय. तिच्या मागं तू फिरायचीस." काढणीच्या आत ओळखली नाही, तर ती जवारी जगात कुठंच उरणार नव्हती. कळंबच्या बाजारात ती मिळत नव्हती, दुकानाच्या पिशवीत नव्हती. मी म्हणाले, बघते. दुसरं काय म्हणणार.

इथं मी म्हातारीनं एक सांगून टाकावं. दिसायला मायच्या वळणाचं कणीस म्हणजे मायचंच कणीस, असं नसतं. आत काय आहे ते पेरल्याशिवाय दिसत नाही. म्हणून पुढं आम्ही एका कणसाची एक ओळ अशी वेगवेगळी पेरायचो आणि ज्या ओळीत भेसळ निघाली ती अख्खी ओळ म्हशीला. कितीतरी वर्षं तेच चाललं, माझं लग्न होऊन मी गावातल्या गावातच दिली गेले तरी चाललं. आज माझ्या मुलाच्या रानात एकसारखी जवारी उभी असते, मुठीसारखं कणीस, संध्याकाळपर्यंत मऊ राहणारी भाकरी. लोक तिला आमच्या घरची जवारी म्हणतात. पण ती मायची आहे, की मला जशी आठवली तशी मी निवडत गेले त्यातून झालेली आहे, हे मला सांगता येत नाही. ताडून बघायला जुना एक दाणा शिल्लक नाही. मला याची पूर्वी फार टोचणी लागायची. आता भाकरी समोर आली की मी खाते.

त्या सालच्या काढणीच्या दिवशी सकाळी मी चिंध्या शोधू लागले. मायची लुगडी तर वाटून झालेली. आत्या म्हणाली, जुनं धोतर फाड. अण्णा खांबापासून उठले, आत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि ते जांभळं इरकल घेऊन बाहेर आले. "आरं, सुमीच्या लग्नाला ठिवलंय ते!" आत्या धावली. अण्णांनी काठ दातात धरून तोडला आणि लुगडं टर्रकन फाडलं. "माज्या धोतराच्या चिंध्या तिच्या जवारीला काय वळखीच्या," ते म्हणाले. मग खाली बसून, एकसारख्या बोटभर रुंदीच्या चिंध्या फाडत राहिले. आत्या आधी तोंडाला पदर लावून उभी होती, मग तीही बसली आणि दुसऱ्या टोकानं फाडू लागली.

बाया यायच्या होत्या, त्याआधी मी रानात शिरले. कळशी घेऊन मागं कुणी नव्हतं. बांधाच्या कडेची धाटं सोडली. मेंढरं बसवलेली जागा सोडली. दाटीत गेले. उंच असतील ती सोडली, लांबट कणसाची सोडली. एक जरा बरं वाटलं, दाबलं तर पोकळ. एकाचा दाणा चावला तर पिवळट. असं करत करत उन्हं चढली, कमरेच्या चिंध्या तशाच्या तशा, आणि मला वाटू लागलं की मला ती जवारी आठवतच नाही, मी फक्त मायची पाठ आठवते आहे. मग मधोमध, दोन टंच धाटांच्या मध्ये दबलेलं एक धाट दिसलं. बेताच्या उंचीचं. खांद्यानं ढकललं, तर हललं आणि परत उभं राहिलं. कणीस तळहातात घेतलं, ते मुठीत मूठ बसावी तसं बसलं. दोन दाणे चोळले, फुंकर मारली, दाढेखाली धरले. कट्.

पीठ जिभेवर पसरलं, किंचित गोड. मी तशीच उभी राहिले, आता रडू येईल म्हणून. सगळं घर, सगळी आळी वर्षभर त्याचीच वाट बघत होती, मीसुद्धा बघत होते. रडू आलं नाही. भूक लागली. पोटात अशी कळ उठली की मी धाटाला धरून वाकले. वर्षभर मी दोन्ही वेळा जेवत होते, पण भूक लागलेली मला आठवत नव्हती. जांभळी चिंधी मी कणसाखाली बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली. बांधावर आत्या येऊन बसली होती, तिच्या मांडीवर भाकरीचं फडकं होतं. मी जवारीतूनच ओरडले, "आत्या, भाकर सोड! लई भूक लागलीया!"